टिकलीएवढी जागा

"आक्का, कपाळ हलवू नका. जरा क्रीम लावते, वरून पावडर. देवालासुदिक कळायचं न्हाई."

मी ट्यूबचं झाकण उघडलं तोच कुशाआक्कांनी माझं मनगट धरलं.

"थांब रत्ने. ह्यात काय हाय?"

झालं! पाहुणे नारायणगावातून निघालेत असा फोन येऊन गेलेला, पोह्यांची फोडणी कढईत तडतडतेय, आणि आमच्या थोरल्या जाऊबाई चष्मा लावून ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला बसल्या.

हा त्यांचा प्रश्न अख्ख्या अवसरीत प्रसिद्ध आहे. आमचे दीर दादाभाऊ फवारणीचा पंप पाठीवर घेतात खरे, पण औषधाची बाटली आधी आक्कांच्या हाती जाते. बाटलीवर रंग असतो ना, लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात बरं, तो त्या आधी बघतात. औषध नवीन असलं तर पहिल्या दिवशी टोमॅटोच्या एकाच सरीवर मारायचं, दुकानदार किती का गोडवे गाईना. एकदा अशी एक सरी करपून गेली आणि बाकीचा सगळा प्लॉट वाचला. तेव्हापासून दीर बायकोपुढं बोलत नाहीत.

माझं स्टँडजवळ बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. आक्का तिथं आल्या की धंदा बसलाच म्हणायचा. दोन क्रीमच्या डब्या शेजारी शेजारी धरतील आणि गिऱ्हाइकादेखत म्हणतील, "दोनीत घातलंय तेच की गं. ह्यो म्हाग कशापायी? वर नटी हाय म्हनून?" एकदा तर आठ दिवसांत गोरं करणारी डबी त्यांनी एका पोरीच्या हातातून काढून घेतली. "कुनी केलंय त्ये न्हाई, काय घातलंय त्ये न्हाई. वांग्यावर तरी मारशील का असलं?" पोरगी गेली निघून. मी मात्र दिवसभर धुमसत होते.

आणि इतक्या चौकस बाईनं एकाच वस्तूला कधी प्रश्न विचारला नाही. कपाळावरच्या टिकलीला! सकाळी अंघोळ झाली की एक मरून टिकली, ती रात्री आरशावर, सकाळी परत कपाळावर. सौभाग्याचं लेणं ते, त्याला कोण विचारतंय?

टिकलीखालची जागा आधी खाजायला लागली, मग पांढरी पडली. बायका कुजबुजल्या, कोड आलं. मंचरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, कोड नव्हे, टिकलीच्या गोंदानं कातडीचा रंग गेलाय. टिकली बंद करा. रंग परत येईलच असं नाही.

आक्का घरी आल्या, रडल्या नाहीत. माझ्या दुकानातल्या वेगवेगळ्या टिकल्या घेतल्या आणि कोपराच्या आतल्या बाजूला ओळीनं चिकटवल्या. मळ्यातल्या बायका हसून हसून लोळल्या. बाकीच्यांच्या खाली काही झालं नाही, मरूनखाली लाल चट्टा उठला. पाकिटावर देवीचं चित्र छापलेलं, गोंद कसला ते कुठं नाही. आक्का म्हणाल्या, "बघितलंस? माझी सरी करपली."

हसण्यावारी गेलं असतं, पण कुजबूज नारायणगावापर्यंत पोचली. आक्कांच्या समृद्धीचं तिथल्या सुदर्शनशी जमत आलेलं. दोघांची पसंती झालेली, सुपारी तेवढी फोडायची राहिलेली. मध्यस्थाचा फोन आला. मुलीच्या आईला कोड आहे म्हणतात, तर मुलाची आई एकदा समक्ष बघून जाईल आणि मग ठरवेल.

म्हणून तर मी ट्यूब घेऊन बसले होते!

"वाचून झालं आसंल तर लावू का?" मी चिडूनच विचारलं.

"ह्यात वावगं काय दिसत न्हाई. पर लावायचं न्हाई. आज म्या लपिवलं तर उंद्या पोरगी जलमभर लपवीत बसंल."

"मग कुंकू तरी लावा! सवाष्णीचं कपाळ मोकळं बघून पावण्यांनी काय म्हनायचं?"

"काय म्हनायचं त्ये म्हनू दे."

रात्रभर रडून डोळे सुजलेली समृद्धी दारात उभी होती. ती म्हणाली, "काकी, राहू दे. आणि खरंच कोड असतं तर काय झालं असतं? ज्याला चालत नाही त्यानं पोहे खाऊन जावं."

आईची पोर! मी ट्यूबचं झाकण लावलं.

पाहुणे आले. सुदर्शनची आई, प्रतिभाताई, खुर्चीवर टेकल्या आणि त्यांची नजर थेट आक्कांच्या कपाळावर गेली. बशीतल्या पोह्यांना कुणी हात लावेना. दीर छताकडं बघायला लागले.

"ताई," आक्का म्हणाल्या, "लांबून नगा बघू. हितं या."

प्रतिभाताई संकोचून जवळ आल्या. आक्कांनी पाकिटातली मरून टिकली काढली आणि चिमटीत धरून पांढऱ्या डागापुढं नेली. काठाला काठ जुळला.

"येवढंच हाय. टिकलीच्या भाईर जरा सुदिक गेल्यालं न्हाई. गोंदानं खाल्लंय, डाक्टरीणबाईंनी सांगितलंय. पर कोड आसतं तरी म्या आशीच बसले आसते. लपवाछपवी करून माजी पोर कुनाच्या घरात द्यायची न्हाई."

माझी छाती अशी फुगली म्हणता! बैठकीत कधी तोंड न उघडणारे दीरसुद्धा खाकरले. "आमच्यात हिनं वाचल्याबिगर बाटली उघडत न्हाईत, पावणं," म्हणाले आणि पुन्हा छताकडं बघायला लागले.

प्रतिभाताई जागेवर जाऊन बसल्या. पोहे खाल्ले, चहा घेतला, टोमॅटोच्या बाजाराचं विचारलं. मी मनात म्हटलं, गेलं हे स्थळ. आता 'कळवतो' म्हणतील आणि मोटारीत बसतील.

उठताना मी रीतीप्रमाणे हळदी-कुंकवाचं ताट आणलं. समृद्धीनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही दोघी जाणून होतो, बाईनं आक्कांना कुंकू लावलं नाही, तर सगळं तिथंच संपलं.

प्रतिभाताईंनी कुंकवात बोट बुडवलं, हात आक्कांच्या कपाळापर्यंत नेला आणि पांढऱ्या जागेपाशी थांबवला.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "ह्यात काय हाय?"

इहीणबाई म्हणाल्या! समृद्धीची नखं माझ्या दंडात रुतली, तरी मी हूं का चूं केलं नाही.

"हळद, लिंबू, टाकनखार. घरीच केलंय," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात उताणा पुढं केला. टिकल्यांच्या ओळीतल्या मरूनचा चट्टा अजून पुसट दिसत होता. "पर नवीन हाय. आधी हितं लावा."

प्रतिभाताईंनी त्या ओळीच्या शेवटी, जपून, कुंकू लावलं. आक्कांचं कपाळ मोकळंच राहिलं, ताठ.

मग प्रतिभाताईंनी आपल्या बांगड्या वर सारल्या आणि स्वतःचाही हात पुढं केला.