पहिला इंच नसलेली पट्टी

“…ती जाणार म्हणे, आणि मग मावशींची—”

एवढंच ऐकू आलं आणि जिन्यातलं दार लागलं. बोलणारी होती तळमजल्यावरची सून आणि ऐकणारा होता पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घेणारा माणूस. त्याला काय, तो आकडा लिहून चालता झाला. इकडे दाराआड उभ्या असलेल्या मावशींच्या हातातली कात्री मात्र उघडी ती उघडीच राहिली. माझाही जीव टांगणीला लागला. तसा तो रोजच टांगलेला असतो म्हणा. खिळ्याला लटकणं हाच माझा उद्योग.

मी मावशींची लाकडी पट्टी बोलतेय. कपडे बेतायची, दोन फुटांची. म्हणजे एके काळी दोन फुटांची.

झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. एखाद्या दुपारी अंगावर ऊन आलं की उगाच वाटतं, आपण कधीतरी हलत होतो, आपल्यावर कुणीतरी येऊन बसत होतं. पुढचं आठवतं ते करवतीचा आवाज, पॉलिशचा वास आणि अंगावर एकेक काळी रेघ उमटतानाच्या गुदगुल्या. मग मावशींच्या आईने मला दुकानातून उचललं, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून पाहिलं आणि म्हणाली, “सरळ आहे.” माझं त्याहून मोठं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

आईच्या हाताखाली मी किती कापड पाहिलं. बारशाची झबली पाहिली, त्याच पोरांचे शाळेचे गणवेश पाहिले, पुढे त्यांचे लग्नाचे कपडेही. माणसं वाढतात ती मला आकड्यांनी कळायची. एकदा आईने खिडकी उघडी राहावी म्हणून माझा टेकू लावला. वारा आला, खिडकी आपटली आणि माझा पहिला इंच तुटून खाली अंगणात गेला. तो पुन्हा कुणालाच सापडला नाही. अजूनही कधी कधी वाटतं, तो तिथेच कुठेतरी मातीत पडून एकटाच काहीतरी मोजत असेल.

तेव्हापासून आई एकच्या रेघेपासून मोजायची आणि शेवटी एक वजा करायची. मावशी तेच शिकल्या. धाकटी बहीण मात्र शिकली नाही. तिने नव्या घराच्या पडद्यांचं कापड मोडक्या टोकापासून मोजून कापलं आणि सगळे पडदे इंचभर आखूड झाले. तिच्या घरात म्हणे अजून प्रत्येक खिडकीखालून उन्हाची एक बारीक रेघ आत येते. त्यानंतर मावशींनी स्टीलची पट्टी आणली आणि मी दाराआडच्या खिळ्यावर गेले.

दाराआडची जागा वाईट नाही. जिन्यातलं सगळं ऐकू येतं. मावशींना जेवढं कळतं तेवढं मला कळतं, थोडं जास्तच.

तर, ‘ती’ म्हणजे वरची. मावशींच्या घराच्या डोक्यावर एक खोली आहे, त्यांचीच. तिथे गेल्या अडीच महिन्यांपासून एक मुलगी भाड्याने राहते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून असते. आधी मावशींना वाटलं सिनेमे बघते. मग कळलं, नोकरी करते. एका संस्थेचं संकेतस्थळ सांभाळते. ज्यांना दिसत नाही त्यांनी फोनवर ते उघडायचं की पलीकडून कुणीतरी पुस्तक वाचून दाखवतं. रोज दुपारी चार वाजता. तळमजल्यावरचे आजोबा, म्हणजे त्या सुनेचे सासरे, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून डोळे घालवून बसलेले, तेही ऐकतात. फोनचा आवाज इतका मोठा ठेवतात की अख्ख्या जिन्याला गोष्ट कळते.

मावशींनी कात्री खाली ठेवली. ‘ती जाणार’ एवढं कळलं होतं. ‘मावशींची काय’ हे कळल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. पण असंच वर कसं जायचं? काहीतरी निमित्त पाहिजे. स्टीलची पट्टी कापडाच्या ढिगाखाली गेलेली. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

“तुझ्या खिडकीला पडदा नाही,” वर जाऊन त्या म्हणाल्या. “माप घ्यायला आलेय.”

“घ्या ना,” ती म्हणाली. मान वळवली नाही.

मावशींनी मला खिडकीला लावलं, पण डोळे सगळे तिच्याकडे. सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेली. स्क्रीन पांढरीफटक. धुकं उतरावं तशी. मी आजवर इतकं कोरं काही पाहिलं नव्हतं.

“बंद पडलंय का ग?”

“मी पाडलंय.” मग ती वळली. डोळे लाल होते. “खालच्या आजोबांना ऐकता ऐकता डुलकी लागते. म्हणाले, राहिलेलं पुन्हा ऐकता येईल असं काहीतरी कर. म्हणून सकाळी एक बटण घातलं. तेव्हापासून सगळंच पांढरं झालंय. आजोबांकडेच नाही, सगळ्यांकडे.”

“मग काढून टाक बटण.”

“काढलं. पण त्याच्या आजूबाजूचंही बरंच हलवलं होतं, ते कुठे चुकलं कळेना. जुनी प्रत परत लावली तर महिन्याभराचं काम जातं.” तिने फोनकडे बोट केलं. “संस्थेच्या बाईंचा फोन आला होता. चारच्या वाचनाआधी चालू झालं नाही तर सोमवारपासून काम बाहेरच्या कंपनीला. तीन महिने मला पारखून बघणार होते, त्यातले पंधरा दिवस उरलेत. काम गेलं की खोलीही सोडावी लागेल, मावशी. तुम्हाला सांगणारच होते.”

म्हणजे सुनेने जिन्यात हाच फोन ऐकला होता आणि मावशींची खोली रिकामी होणार होती. मावशींचा चेहरा एवढासा झाला. त्यांना भाड्याचं दुःख नव्हतं. त्यांच्या डोक्यावर कुणीतरी चालतंय, खुर्ची सरकवतंय, याची त्यांना सवय झाली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

“चूक आहे कुठे, ते मशीन सांगत नाही?”

“सांगतंय ना. शेवटच्या ओळीत. सहाशे बारावी ओळ.” तिने बोट ठेवलं. “आणि ती ओळ रिकामी आहे.”

मावशी हसल्या. “खालच्या काठाला चुण्या पडल्या म्हणून मी काठ उसवत नाही बाई. झग्याचा घेर खाली वाकडा दिसतो आणि चुकलेला असतो खांदा. वर बघ, वर.”

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग हळूच म्हणाली, “कंस. यात प्रत्येक कंस उघडला की बंद करायचा असतो. एखादा बंद करायचा राहिला तर मशीन वाट बघत बसतं, पुढच्या ओळीत येईल, त्याच्या पुढच्या ओळीत येईल. शेवट आला की मग ओरडतं.”

मला त्या मशीनची दयाच आली. ज्याची वाट बघायची ते आलं नाही, हे बिचाऱ्याला अगदी टोकाला पोचल्यावर कळतं.

तिच्या आधी काम करणाऱ्याने सहाशे ओळी एकाच काठाला चिकटवून लिहिल्या होत्या. कुठली कुणाच्या पोटात, काही कळत नव्हतं. आपोआप आवरून देणारं एक साधनही तिच्याकडे होतं, पण ते म्हणत होतं, आधी चूक काढा, मग आवरतो.

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच,” मावशी म्हणाल्या.

मग ती हातानेच आवरायला बसली. आतली ओळ थोडी उजवीकडे, तिच्या आतली आणखी उजवीकडे. मावशी खाली जाऊन ताट वाढून घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. अडीच वाजेपर्यंत ओळींना पायऱ्या आल्या. पण सहाशे ओळींत डोळे फिरतात. तिचं बोट स्क्रीनवरून खाली यायचं आणि मधेच तिरपं जायचं.

मावशींनी मला उचललं आणि स्क्रीनसमोर टेबलावर उभं केलं. “हिची कड धर. हिच्यावर विश्वास ठेव, ही सरळ आहे.”

आईनंतर इतक्या वर्षांनी.

मोडकं टोक खाली, टेबलाला टेकलेलं. आकड्यांचं काही कामच नव्हतं. मला मोजायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. जिथे कंस उघडला त्या काठाला मी, आणि ओळी माझ्यासमोरून वर सरकत होत्या, पाण्यावरून पानं जावीत तशा. बंद होणारा कंस येऊन माझ्या कडेला टेकला की ती म्हणायची “मिळाला”, आणि मला थोडं उजवीकडे सरकवायची. मिळाला. मिळाला. कपड्यावर कपडा बेतावा तसं चाललं होतं. मधे मला वाटलं मी पुन्हा झाडच आहे आणि माझ्या फांद्यांवर एकेक पाखरू येऊन बसतंय.

मग एक कंस उघडला, आणि ओळी जात राहिल्या. माझ्या कडेला कुणी टेकेना. वीस ओळी गेल्या, पन्नास गेल्या, पुढचं काम सुरू झालं तरी कुणी आलं नाही.

“हा,” ती म्हणाली. तिने एक कंस लिहिला. एवढासा.

स्क्रीन पांढरीच राहिली.

मावशींनी माझ्यावरची पकड घट्ट केली. घड्याळात साडेतीन. पण ती हसत होती. “आता दुसरीच चूक सांगतंय. तीनशे अठ्ठ्याऐंशी. आणि या वेळी खरी जागा सांगतंय.” तिथे एक स्वल्पविराम जास्तीचा होता. तो काढला.

आणि धुकं विरलं. पान उघडलं, नावं, वेळा, सगळं जागच्या जागी. तिने ते बटणही पुन्हा घातलं, या वेळी जपून, मला समोर ठेवून. चारला दोन मिनिटं कमी असताना तिने संस्थेच्या बाईंना फोन केला, आणि बोलता बोलता खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मावशी दुसरीकडे बघत असल्यासारखं करत होत्या.

चार वाजले. खालून, आजोबांच्या खोलीतून, एक आवाज वाचू लागला.

तर त्या अफवेचं असं झालं. वरची गेली नाही, पण सगळं खोटंही ठरलं नाही. बाईंनी तिला कायम केलं, आणि आठवड्यातले तीन दिवस नदीपलीकडच्या कचेरीत बोलावलं. ते तीन दिवस मावशींची खोली रिकामीच असते. तळमजल्यावरची सून सगळ्यांना सांगते, “मी म्हटलं नव्हतं?”

मावशींनी पडदाही शिवला. लावला तर इंचभर आखूड. त्या दिवशी लक्ष सगळं तिच्याकडे होतं, एक वजा करून पुन्हा विचारातच एक वजा केला असणार. “उसवून नवीन करते,” त्या म्हणाल्या. ती म्हणाली, “राहू दे मावशी. मला हवाय तो उजेड.”

मी आता वरच असते, स्क्रीनशेजारी, भिंतीला टेकून. ती नसते त्या दिवशी मावशी दोनदा वर येतात. धूळ झटकायला, असं म्हणतात. धूळ नसते.

दुपारी पडद्याखालून उन्हाची एक रेघ येते, टेबलावरून चालत माझ्या मोडक्या टोकापाशी थांबते. बरोबर एक इंच रुंद आहे ती. मी मोजलीय. चार वाजले की खालून गोष्ट सुरू होते. तिची सुरुवात मला माहीत नाही, ती आजोबा फोन मोठ्याने लावू लागण्याआधीच होऊन गेली. तरी समजते सगळी. मधेच आजोबांना डुलकी लागते, मग बटणाचा आवाज येतो, आणि गेलेलं वाक्य पुन्हा परत येतं.

तुमच्याही घरी दाराआड कुणी असेल, टोक मोडलेलं. टाकू नका. एकपासून मोजा, आणि फार घाईत असाल तर नुसतं उभं करून बघा. सरळ असेल ते.