शरणप्पांचं पेव

आमच्या मामंजींना, म्हणजे सासरे शरणप्पांना, दोन गोष्टींचा अभिमान होता. एक गळ्यातलं लिंग, दुसरं अंगणातलं पेव. पहिल्याबद्दल ते कधी बोलत नसत. दुसऱ्याबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. दोन पुरुष खोल खणलेलं, आतून शेणामातीनं लिंपलेलं ते ज्वारीचं पेव. त्यात सात वर्षं ज्वारी कोरडी राहिली होती, हे मी लग्न होऊन आल्यापासून शंभरदा तरी ऐकलं असेल.

अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं गावाची वेस बंद झाली. माझा नवरा आधीच सोलापूरकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेलेला. आत कोंडल्यावर पुरुष कसेही निभावतात, पण बायकांनी परसाकडं जायचं कुठं? मामंजींनी मोठ्या मनानं रिकामं पेव दिलं. तोंडावर फळ्या टाकल्या, भोवती तट्टे बांधले. तिथून वीस पावलांवर, उताराला, आमचा आड होता. वेशीच्या आत पिण्याचं पाणी तेवढंच.

"मामा, आड लई जवळ हाय," मी म्हटलं.

"येडी का खुळी तू? सात वर्षं थेंब आत गेला न्हाय. मग आतलं भायेर कसं येतंय?"

सगळे हसले आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

मग झड लागली. आडाचं पाणी इतकं वर आलं की चार हात दोर पुरायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्या नागम्मानं आडाला हळदकुंकू वाहिलं. आठ दिवसांत गावात जुलाबाचं पेव फुटलं. हा शब्द मी चेष्टेनं वापरत नाही. नागम्मा गेली, आणि माझी तीन वर्षांची शिवगंगा अंथरुणाला खिळली. डोळे खोल गेले, रडली तरी डोळ्यात पाणी येईना. ती पाणी मागायची आणि मी तेच पाणी पाजायचे. दुसरं आणणार कुठून? वेशीला कुलूप आणि किल्ली मामंजींच्या कंबरेला.

माहेरी, सास्तूरला, वडलांनी विहीर पाडली तेव्हा मी काठावर बसून बघितलं होतं. जमीन वरून घट्ट दिसते, पण खाली मुरमाला भेगाच भेगा, आणि त्यातून पाणी उताराला चालत राहतं. उन्हाळ्यात ते खोल असतं, म्हणून पेव कोरडं. पावसात तेच वर चढतं, पेवाच्या बुडाला लागतं आणि तिथली घाण घेऊन आडाची वाट धरतं. शेणाचा लेप त्याला काय अडवणार? मी दोनदा सांगितलं. मामंजी म्हणाले, "हवा खराब हाय."

घरात घासलेटच्या दोनच बाटल्या होत्या. त्यातली एक मी सगळ्यांदेखत पेवात ओतली. "आडाला वास आला तर वेस उघडायची, मामा."

"उघडतो."

दुसऱ्या दिवशी वास नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामंजींनी आडाचं ओंजळभर पाणी चारचौघांत पिऊन दाखवलं. चौथ्या दिवशी शिवगंगेनं पाणी मागणंच सोडलं.

त्या दुपारी मी दुसरी बाटली पदराखाली घेतली आणि आडात उपडी केली. गाव तहानेनं मेलं असतं तरी त्या घटकेला मला पर्वा नव्हती, खोटं कशाला सांगू?

बादली वर आली ती घासलेटचा तवंग घेऊनच. लोक मागं सरले. मामंजींनी बादली हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि कंबरेची किल्ली काढली. साठीचा माणूस कावड खांद्यावर घेऊन एकटाच मळ्यातल्या विहिरीकडं निघाला. अर्धा कोस वाट. ते परत येईपर्यंत मी वेशीचं दार धरून उभी होते. खोटं बोलून मी या माणसाला मरायला पाठवलंय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ते आले. मीठ-गूळ घालून ते पाणी मी शिवगंगेला चमच्या-चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी पोरीनं भाकरी मागितली, आणि माझ्याच्यानं राहवेना.

"मामा, त्या दिशी म्या..."

"ठाव हाय. पेवात वतलेल्या घासलेटचा वास आडाला यील. तुझ्या पदराला कसा आला?"

"मग वेस का उघडली?"

त्यांनी फळ्या टाकलेल्या पेवाकडं बघितलं. "ओंजळ प्यालो, त्याच्या आदल्या दिशीच म्या आत कंदील सोडून बघितला हुता. खालनं चढलेलं पाणी उभं हुतं पेवात."

"आनि तरी प्यालात?"

"सगळे बघत हुते ना, पोरी."