मालक नसलेलं बीळ

"हिनं मेलेला उंदीर उचलला होता का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

बीडच्या दवाखान्यात मुक्ताबाई तापानं फणफणली होती आणि काखेत लिंबाएवढी गाठ आली होती. ती नुसती मान हलवून नाही म्हणायची आणि हळूच सासूकडे, छबुबाईकडे, बघायची. मरायला टेकली तरी ही आपलं नाव घ्यायची नाही, हे म्हातारीला कळत होतं. त्यानंच तिचा जीव जास्त खालीवर होत होता.

छबुबाईचं गावात नाव होतं ते उंदरांच्या बिळांमुळं. बाजरी निघाली की ती बांधावरची बिळं खणायची आणि उंदरांनी ओढून नेलेली कणसं काढायची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं याच कणसांवर पोरं जगवली. कुठलं बीळ भरलेलं हे ती टाच आपटून सांगायची आणि मिरवायचीही. बाया हसायच्या, मग पाटी घेऊन तिच्याच मागं यायच्या.

यंदा तिला एक बीळ सापडलं, आत कणसं गच्च आणि उंदीर एकही नाही. एरवी उंदीर अंगावर येतो, पळतो. असं बिनामालकाचं कोठार मिळाल्यावर म्हातारी हरखलीच. तिचा स्वतःचा खांदा आखडला होता, म्हणून तिनं सुनेला हात घालायला लावला. गावात घराघरांतून उंदीर मरून पडत होते, नाही असं नाही. पण ते घरातले, रानातल्यांचा त्यांच्याशी काय संबंध, असं तिला वाटलं.

"म्या घालायला लावला हात," छबुबाई एकदम म्हणाली. दारात तिचा मुलगा गहिनीनाथ उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "बांधावरच्या बिळात. उंदीर न्हवता, म्हनून मला लई बरं वाटलं."

डॉक्टर रागावले नाहीत. आतले उंदीर प्लेगनं मेले, त्यांच्यावरच्या पिसवा उपाशी राहिल्या आणि आयता हात मिळाल्यावर चावल्या, असं त्यांनी समजावलं. औषध लगेच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सटवा नावाचा फवारणीवाला पिसवा मारायची पावडर घेऊन गावात आला. छबुबाईनं त्याला एकूण एक बीळ दाखवलं. गहिनीनाथ मात्र तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हता.

मुक्ताबाई वाचली. घरी आल्यावर दोन भाकरी खाऊन तिनं तिसरी मागितली, तेव्हा छबुबाईला रडू आवरेना. इतकं सुख तिला कुठल्याच सुगीत झालं नव्हतं.

मग गहिनीनाथ आणि मुक्ताबाईची कडा गावच्या साखर कारखान्याला ऊसतोडीसाठी निघायची वेळ आली. दरवर्षी म्हातारी मागं राहायची आणि बिळांवर भागवायची.

"आत्या, यंदा तुमी बी चला," मुक्ताबाई म्हणाली. "उसाच्या पाचटाच्या कोपीत भाकरी कोन थापंल?"

छबुबाईनं मुलाकडे पाहिलं. तिचं बोचकं उचलून त्यानं ट्रकमध्ये आपल्या बोचक्याशेजारी ठेवलं.

निघण्याआधी ती एकटीच बांधाकडे जाऊन आली. बिळांच्या तोंडाशी पांढरी पावडर होती. एका बिळात कुणीतरी नवं राहायला आलं होतं आणि बाजरीचं एक जाडजूड कणीस तोंडाशीच अडकलं होतं. छबुबाईनं ते काठीनं हळूच आत ढकललं.