पाट्याचा संधिवात

शनिवारी सकाळी आमच्या गावातल्या देवळाच्या ओट्यासमोर एवढी गर्दी झाली, की मागची पोरं बोंबील सुकवायच्या काठ्यांवर चढून बसली आणि बोंबील खाली पडून तुडवले गेले. कुणाला त्याचं काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे मत्स्यानंद महाराजांच्या चिमटीतल्या माशावर होते. लाल, चकचकीत, बोटभर लांब आणि कागदाहून पातळ मासा.

"पाताळातून आलाय," महाराज म्हणाले. "दुखणं दिसलं की तळमळतो. गुडघ्याचं असो, मनाचं असो. माताजी, हात धुतलेत ना?"

माताजी म्हणजे माझी शेजारीण रखमा. ती हात धुऊनच आली होती. देवाच्या कामाला आमच्याकडे ताजे धुतलेले हात लागतात, आणि पुसले तर पुण्य पदराला जातं म्हणून कुणी पुसत नाही. महाराजांनी मासा तिच्या तळहातावर ठेवला. शेपटी वर आली, डोकं वळलं, आणि मासा गुंडाळी होऊन उताणा पडला. "आई गं," गर्दी म्हणाली.

डोक्यावर माशांच्या पाट्या वाहून रखमाचे गुडघे गेले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेलं वर्षभर तिचं कशात मन नव्हतं. बाजार बंद, बोलणं बंद, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. बोईसरच्या बाजारात गिऱ्हाइकाला घाम फोडणारी बाई ही. मला तिच्या जिवाची भीती वाटायला लागली होती.

पालघरच्या डॉक्टर चारुता त्याआधी गावात येऊन गेल्या होत्या. अशा दुखण्यावर आणि खचलेल्या मनावर एक नवं औषध तपासायचं होतं. काहींना औषधाची गोळी, काहींना तशीच दिसणारी साधी गोळी. तुम्हाला काय वाटतं, याल का, असं त्या विचारत होत्या. "आमी काय उंदीर हाव?" भिका म्हणाला. इंदुबाई म्हणाल्या, "मला औषधाची द्या, साधी शेजारनीला द्या." रखमा नुसती ऐकत होती. मग महाराज आले आणि म्हणाले, प्रयोगात नाव दिलं की हा मासा तुमच्या हातावर कायमचा मरेल. विषय संपला.

त्या शनिवारी डॉक्टरही गर्दीत उभ्या होत्या.

रखमानंतर कमलाकांत पुढे आला. चिकूच्या वाडीतून तसाच, हात धुळीनं माखलेले. मासा ढिम्म.

"शुद्ध आत्मा," महाराज म्हणाले.

"मग माझी कंबर?"

"भ्रम."

शुद्ध आत्मा कंबर धरून जागेवर गेला.

मग महाराजांनी रखमाच्या हाताला भस्म चोळलं आणि पुन्हा मासा ठेवला. हलला नाही. "गेलं दुखणं. उठा." रखमा उठली, आणि गुडघा असा वाजला की काठ्यांवरच्या पोरांना ऐकू गेला. "दोन अमावास्या अजून लागतील," महाराज शांतपणे म्हणाले. "आणि एक पापलेट. मोठं."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. इंदुबाईच्या अंगणातला, मसाला वाटून नुकताच धुतलेला ओलसर पाटा भिकाकडून उचलवून आणला आणि महाराजांपुढे ठेवला.

"याला बघा जरा. फार गप्प गप्प असतो."

महाराज हात आवरेपर्यंत मी मासा पाट्यावर ठेवलासुद्धा. तो वळवळला.

"पाट्याला संधिवात हाय," भिका म्हणाला.

भिकाच्या खांद्यावरच्या ओल्या टॉवेलवर ठेवला. तिथंही तळमळ. टॉवेलचं मन खचलेलं निघालं. मग पाट्याला भस्म फासलं, तर मासा गप्प. "झाला बरा," मी म्हटलं. "आता पाट्याचं पापलेट कोण देणार?"

महाराजांच्या टकलावर एव्हाना घाम आला होता. मी मासा तिथं ठेवला. बिचारा दुमडून गेला.

"बाई, त्यास्नी तर लईच दुखतंय," इंदुबाई कळवळून म्हणाल्या.

"दुखत नाही, घाम आलाय," मी म्हटलं. "जत्रेत मिळणारं खेळणं आहे हे. पातळ कागद ओल पितो, खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते, म्हणून वळतो. भस्म ती ओल आधीच पिऊन टाकतं. तुमचे धुतलेले हात आणि याची राख, एवढाच चमत्कार."

महाराजांनी मिळेल ती रिक्षा पकडली. लोकांनी आणलेली पापलेटं इथंच राहिली.

लोक हसत होते. रखमा मात्र डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाय, औषधाची गोली कुनाला जाते, तुमाला ठाऊक असतं?"

"नाही मावशी. शेवटपर्यंत मलाही सांगत नाहीत. कळलं तर मीही मला हवं तेच बघेन."

"मधेच नको वाटलं तर?"

"त्या दिवशी सोडा. नेहमीचे उपचार चालूच राहतील."

"तरास झाला तर?"

"होऊ शकतो. कसला, ते आधी सांगेन. झाला तर लगेच मला फोन करायचा."

"आन गुन येल?"

"माहीत नाही. म्हणून तर तपासायचंय."

"त्या महाराजाला सगलं ठाऊक व्हतं," रखमा म्हणाली. "ठाऊक नाय म्हननारी तुमी पयलीच." मग खाली बघत म्हणाली, "गुडघ्याचं सोडा. मला सकाली उठावंसंच वाटत नाय. ते पन इचारता का तुमी?"

"तेच आधी विचारते," डॉक्टर म्हणाल्या आणि तिच्याबरोबर ओट्यावर बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा रखमा हे कुणाला तरी बोलली होती. मला रडू आलं.

तिनं प्रयोगाला अजून हो म्हटलेलं नाही. विचार करते म्हणाली, आणि तो तिचा हक्क आहे. पण सोमवारी तपासणीला पालघरला निघाली, तेव्हा भाड्यावरून रिक्षावाल्याशी कडाकडा भांडली, आणि मी दारातून ऐकत राहिले.

तुम्हाला एवढंच सांगते. बरं करायला कुणीही येवो, बाबा की डॉक्टर, रखमानं विचारलं तेच त्याला विचारा. जो उत्तर देईल, त्याचं ऐकून विचार करा. जो प्रश्नावर चिडेल, त्याच्या टकलावर मासा ठेवून बघा. मासा माझ्याकडे आहे, केव्हाही न्यायला या.