झाकणाखालचे मांजर

जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, मळकट आवरण घातलेले एक धूड दिसते ना मित्रांनो, ते मी. मानसशास्त्र विभागाचे जुने झेरॉक्स मशीन. नवे होते तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. मला चालवायचे फक्त शिपाईकाकांनी. "हे आपल्या बाईंसारखं आहे. तापलं की कुणाचं ऐकत नाही," असे ते म्हणत, आणि बाई नेमक्या मागे उभ्या असत.

बाई विभागात शिकवत. त्यांचा एका सिद्धांतावर फार जीव होता. शरीरातली जनुके जशी आपल्या नकला करत पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, तशीच गाणी, चित्रे, सवयी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नक्कल होत टिकतात, असे तो सिद्धांत सांगतो. नक्कल होणाऱ्या अशा गोष्टीला मीम म्हणतात. तुमच्या मोबाइलवरच्या विनोदी चित्रांना ते नाव नंतर मिळाले.

हे दाखवायला बाईंनी वीस-वीस मुलांच्या साखळ्या केल्या. पहिल्या मुलाला काही वेड्यावाकड्या रेघा क्षणभर दाखवायच्या, त्याने त्या आठवून काढायच्या, मग त्याचे चित्र दुसऱ्याला दाखवायचे. थोड्या साखळ्यांत रेघा शेवटपर्यंत तशाच राहिल्या. बाईंनी लेखात फक्त त्याच घेतल्या, आणि त्यांच्या प्रती मी आनंदाने काढल्या. बाकीच्या साखळ्यांत त्या रेघांचे वाटेत कुठेतरी मांजर झाले. त्या कागदांवर बाईंनी पेन्सिलीने लिहिले, 'मुलांचे लक्ष नव्हते', आणि ते फायलीत बांधून टाकले.

बाईंना ज्यांनी शिकवले होते, ते सर निवृत्तीनंतरही विभागात येत. एकदा माझ्याजवळच उभे राहून ते म्हणाले, "अगं, तुझ्या लेखातली मुलं या मशीनसारखी वागतात. खरी मुलं बघितलेलं समजून घेतात आणि नव्यानं काढतात. त्याला नक्कल कसं म्हणायचं?"

"सर, आकडे बोलतात."

"बोलतात ना. गप्प बसवलेले कुठे आहेत? उरलेले कागद दाखव मला."

बाईंनी दाखवले नाहीत. मग सरांनी तोच प्रश्न लेख लिहून विचारला. बाईंना तो चारचौघांत केलेला अपमान वाटला. त्यांनी सरांशी बोलणे सोडले. सात वर्षे.

तोवर मीही थकले. कागद अडकू लागले, नवे मशीन आले. मला हलवायच्या आदल्या दुपारी बाई एकट्याच आल्या. त्यांनी त्या पहिल्या रेघांची प्रत काढली, त्या प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. विसाव्या कागदावर करड्या डागांखेरीज काही उरले नाही. मग त्यांनी त्या बांधलेल्या फाईलची गाठ सोडली आणि विसाव्या मुलाचे मांजर शेजारी ठेवले. मिशा, कान, वळलेली शेपटी, सगळे ठळक. नुसती नक्कल असती तर झिजली असती. पण मांजर प्रत्येक मुलाच्या ओळखीचे होते, आणि प्रत्येकाने ते आपले आपण काढले होते.

बाईंनी फायलीतले बाकीचे कागदही बाहेर काढले. मग त्यांनी सगळ्या कागदांच्या प्रती काढल्या आणि चिठ्ठी जोडली: 'सर, हे उरलेले. तुमचं बरोबर होतं. मी येऊ का?'

शिपाईकाका पाकीट घेऊन गेले आणि तासाभराने ते तसेच घेऊन परत आले.

"सरांच्या मुलीनं दार उघडलं," ते म्हणाले. "सर मंगळवारी गेले, बाई."

"मंगळवारी? आज शुक्रवार आहे."

"कळवावं की नाही, असं झालं म्हणाली तिला. तुम्ही बोलत नव्हता ना."

बाईंनी पाकीट घेतले. माझे बटण त्यांनी स्वतः बंद केले.

आता त्या प्रत्येक लेखात उरलेले कागदही छापतात, असे शिपाईकाका सांगतात. ज्यांनी मागितले होते, ते वाचायला नाहीत.

मित्रांनो, कोणी चूक दाखवली तर रागवा हवे तर. पण मागितलेला कागद त्याला दाखवा, आणि तो असेपर्यंत दाखवा. कधी या जिन्याखाली आलात, तर माझे झाकण उघडा. त्या दुपारी एक कागद काचेवरच राहून गेला आहे, विसाव्या मुलाचे मांजर. ते क्षणभर बघा आणि घरी जाऊन आठवून काढा. अगदी तसेच नाही आले तरी चालेल.