आत्याच्या चाकूचा गोंडा

गुलाबाच्या रोपवाटिकेतल्या शेडमध्ये सगळ्यांचे चाकू एकसारखे होते. आखूड पातं, लाकडी मूठ आणि मुठीच्या टोकाला एक भोक. ते भोक चाकू खिळ्याला टांगायला असतं, याहून जास्त विचार त्यावर कोणी केला नव्हता. फक्त आत्याच्या चाकूच्या भोकात सुती दोरी ओवलेली होती, आणि दोरीच्या टोकाला बोराएवढा गाठींचा गोंडा होता.

त्या गोंड्याने भाचीला भंडावून सोडलं होतं. गुलाबाचे डोळे भरायला ती आत्याकडूनच शिकली होती. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, तिच्याखाली चांगल्या जातीचा डोळा सरकवायचा, वरून पट्टी बांधायची. तेव्हा आत्याचा चाकू बोडका होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आता भाची शेडची मुकादम होती आणि आत्या तिच्या हाताखाली. गोंडा या वर्षीच उगवला होता.

"आत्या, हा कशाला गं?"

"हरवू नये म्हणून."

"तुझा चाकू टेबलावरून हलतो तरी कधी?"

"खिशातून ओढायला बरा पडतो."

"तुझ्या झग्याला खिसा कुठाय?"

"मुकादमीणबाई, तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?"

शेजारी बसून पट्ट्या बांधणारी बाई फिसकन हसली. शेडमध्ये तिला सगळे पट्टीवाली म्हणत. ती म्हणाली, "सगळे मालकापुढे गोंडा घोळतात, आत्या चाकूपुढे घोळतात. प्रत्येकाचा देव वेगळा."

हसण्यावारी गेलं, पण भाचीचं समाधान झालं नाही. तिने स्वतःच्या चाकूला दोरी बांधून पाहिली. रोपांच्या गर्दीत पडलेला चाकू दोरीमुळे चटकन दिसतो, हे खरं निघालं. ओल्या हाताने ओढायला सोपा, हेही खरं. कारणं सगळी खरी होती, पण आत्याला त्यातलं एकही लागू नव्हतं.

त्यातच मालकांनी तिला बाजूला घेतलं. आत्याच्या वाफ्यातले डोळे धरत नव्हते. पट्टी सोडली की खाली काळा ठिपका. "हात थकला असेल," मालक म्हणाले. "पुढच्या खेपेलाही असंच झालं, तर त्यांना पॅकिंगला बसवा. तुम्हीच सांगा, तुमच्याच आहेत."

पॅकिंग म्हणजे मागच्या खोलीत कागदात रोपं गुंडाळणं. आत्या एकदा म्हणाली होती, "तिथे बसण्यापेक्षा मी घरी पडून राहीन."

भाचीने आत्याचं काम जवळून पाहायला सुरुवात केली. हात थकलेला वाटत नव्हता. चीर सरळ, खोली नेमकी. प्रत्येक रोपानंतर आत्या पातं स्पिरिटच्या वाटीत बुडवायची, म्हणजे एका रोपाची कीड दुसऱ्याला लागू नये. तेही चुकत नव्हतं. मग तिची नजर मुठीच्या खाली गेली. पातं स्पिरिटमध्ये जात होतं, पण गोंडा बाहेरच. आणि आत्या पुढच्या खुंटावर वाकली की तो तिच्या पकडीतून अर्धा बाहेर येऊन चिरलेल्या सालीला पुसत जायचा.

जेवणाच्या सुट्टीत तिने गोंडा चिमटीत दाबला. तपकिरी, चिकट पाणी बोटांवर आलं. नाकाशी नेलं तर कुजका वास. तिला इतका आनंद झाला की पट्टीवालीला मिठी मारायचीच बाकी राहिली. चोर सापडला होता! तिने दोरी कापली, गोंडा कचऱ्यात टाकला, चाकू स्पिरिटने पुसून जागेवर ठेवला. आत्याला आपण वाचवलं, अशी तिची समजूत.

आत्या आली. चाकू उचलला, उलटासुलटा केला. मग कामाला लागली.

थोड्या वेळाने चाकू टेबलावर पडला. आत्याने तो उचलला. पुन्हा पडला, या वेळी जमिनीवर. पट्टीवालीने मान वर केली. भाची चार पावलांवर उभी होती. तिला खुंटाच्या हिरव्या सालीवर लाल ओघळ दिसला.

"आत्या, रक्त!"

"कुणाचं?"

आत्या आजूबाजूला बघत होती. तिच्याच डाव्या अंगठ्यातून धार लागली होती आणि तिला पत्ता नव्हता.

भाचीने अंगठा नळाखाली धरला. पट्टीवालीने कलमाचीच पट्टी आणली आणि म्हणाली, "धरा, हा पण डोळा बांधते." कोणी हसलं नाही.

"कधीपासून?" भाचीने विचारलं.

"गेल्या थंडीपासून. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या, मग झोपलीच. दोन्ही हातांची." आत्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हलवून दाखवलं. "ही दोघं जागी आहेत. गोंडा यांच्यात धरला की चाकू हातात आहे ते कळतं. दोरीला ओढ बसली की पातं कुठे वळलं तेही कळतं."

"मला सांगायचंस ना."

"तू मुकादम. सांगितलं असतं तर तुला मला उठवावं लागलं असतं. न सांगता निभत होतं."

"निभत नव्हतं, आत्या. तो गोंडाच डोळे सडवत होता."

आत्याने बोडक्या चाकूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी आपली त्यालाच आधार समजून बसले होते."

"आधार होताच. फक्त घाणेरडा होता."

दुसऱ्या दिवशी भाची तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. मनगटात शीर दबली आहे, झोपताना पट्टा बांधा, बघू किती सुधारतं, असं डॉक्टर म्हणाले. अंगठा भरून येईपर्यंत आत्या घरी बसली आणि भाची एका वेगळ्याच कोड्याच्या मागे लागली. पाणी न पिणारी दोरी कुठली? मासे पकडायची तंगूस घेतली, ती बोटांतून निसटायची. चामड्याची वादी फुगली. शेवटी तिची नजर रोपांना थेंबथेंब पाणी देणाऱ्या बारीक नळीवर गेली. तिने नळीचा तुकडा भोकात ओवला आणि टोकाला गोंड्याच्या जागी लोखंडी नट बसवला. नट चपटा, सहा कोनांचा. डोळे मिटून तिने तो करंगळीत धरला, तर पातं वळेल तसा कोन बदललेला स्पष्ट कळत होता. गोल गोंड्याने हे इतकं सांगितलं नसतं. नळी एवढी आखूड ठेवली की खुंटाला लागणार नाही, आणि अख्खा चाकू मुठीसकट स्पिरिटात बुडवता येईल.

आत्याने नट करंगळीत घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी, केवढा गार आहे."

"गार लागला ना?"

"हो की." आत्याने मुठीकडे पाहिलं आणि खुंट पुढे ओढला.

त्या खेपेच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा मालक स्वतः आले. एकेक डोळा त्यांनी नखाने हलकेच खरवडून पाहिला. खाली हिरवं, पुढच्यातही हिरवं. मग त्यांचं लक्ष आत्याच्या चाकूकडे गेलं.

"हे काय लटकवलंय?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्याने चाकू खाली ठेवला आणि उजवा हात पुढे केला.

"मालक, माझी तीन बोटं झोपली आहेत. औषधपाणी चालू आहे. तोवर उरलेल्या दोघांना हे धरायला दिलंय. डोळे आधी काळे पडले ते माझ्या जुन्या गोंड्यामुळे, भाचीने शोधून काढलं. आता उठवायचं तर उठवा."

मालकांनी हाताकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. आणखी एक डोळा खरवडला.

"धरले आहेत," ते म्हणाले. "मग उठवू कशाला?"

ते दारापर्यंत गेले आणि थबकले.

"मुकादम, त्या नळीचा एक तुकडा मलाही द्या. नटासकट. माझा चाकू सारखा हरवतो."

आत्याने भाचीकडे न बघता पुढचा खुंट उचलला.

"बघ," ती म्हणाली, "मी काही खोटं सांगितलं नव्हतं."