आबांच्या तळहातावरची गोळी

वॉर्डातले पेशंट तिला सिस्टर म्हणत, आणि घरात सासरेसुद्धा. "सिस्टर, आमचा चहा?" असं आबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, की चिमणी खुदकन हसायची. चिमणी म्हणजे सिस्टरची लेक. कॉलेजात गेली तरी घरात चिमणीच.

वॉर्डात सिस्टरचा दरारा मोठा. दुखण्यावरची कडक गोळी दिली, की ती पोटात गेल्याशिवाय सिस्टर पेशंटसमोरून हलायची नाही. "आ करा. जीभ वर. हं, आता पडा." हिचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही, असं सोबतिणी म्हणत. आणि आता गंमत बघा. आबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तसल्याच गोळ्या घरात आल्या, तेव्हा हिने डबी सरळ चिमणीच्या हाती दिली. आजोबांना नात औषध देते, याहून गोड काय? आपल्या माणसाला का कोणी आ करायला सांगतं? शिवाय ड्युटीवरून आलं की पाय असे ठणकायचे, की चपलेचा पट्टा सोडवायला वाकणंही जिवावर यायचं.

त्या दुपारी ती घरी आली तेव्हा चिमणी पांघरूण लपेटून कोचावर बसली होती. नाक गळतंय, जांभईवर जांभई, हातावर काटा.

"सर्दी झालीय," चिमणी म्हणाली.

"गरम पाणी पी," म्हणून सिस्टर आत निघाली, तर समोरून आबा भिंत धरधरून येताना दिसले. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

"आबा, गोळी घेतलीत ना?"

"घेतली की."

"मग एवढं दुखतंय?"

"जुनं हाड आहे, कुरकुरायचंच. देवाचं नाव घेतो, ढकलतो पुढे."

सिस्टर थबकली. जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा. या गोळीची सवय लागून ती एकाएकी बंद झालेले पेशंट तिने काय थोडे पाहिले होते! वॉर्डात असती तर दारातूनच ओळखलं असतं. स्वतःच्या कोचावर मात्र तिला सर्दी दिसली.

"डबी कुठंय?"

तिने कोच चाचपला. उशीमागे सापडली. रिकामी. अजून कितीतरी दिवस पुरायला हवी होती.

"पोरीला बोलू नकोस," आबा खुर्चीत टेकत म्हणाले. "मीच देत होतो. परीक्षेच्या वेळी रडत आली, छातीत धडधडतं म्हणाली. ती माझ्या हातावर गोळी ठेवायची, मी तिच्या हातावर परत ठेवली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध गं, काही गल्लीतली नशा नव्हे. तिला बरं वाटलं. मग रोज हात पुढे यायला लागला. एकीने भागेना, तेव्हा दोन दिल्या. मला नाही म्हणवेना."

"आणि तुमचं दुखणं?"

"ते देवाला वाहिलं."

रागवायचंही त्राण नव्हतं. सिस्टर तिथेच खाली फरशीवर बसली. देवाने माणसाला माया दिली, तिला आवर कुठे घालायचा ते मात्र त्याचं त्यालाच शिकावं लागतं.

"आई," चिमणी हळूच म्हणाली, "उद्यापासून नाही घेणार. तुझी शपथ. फक्त आजच्यापुरती एक आण. ड्युटीवर औषधांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

खोटं कशाला सांगा, क्षणभर सिस्टरचं मन त्या कपाटापाशी जाऊन उभं राहिलं. एक गोळी. पोर शांत होईल, आपल्यालाही घटकाभर पाठ टेकता येईल. मग पिशवी उचलून ती उठली. चप्पल अजून पायातच होती.

"कुठे निघालीस?" आबा म्हणाले.

"दवाखान्यात."

चिमणीचे डोळे लकाकले.

"तूही चल. डॉक्टरांना सगळं सांगायचं."

"तिथे? आई, तिथे सगळे तुला ओळखतात! मला लाज वाटेल."

"मला काय कमी वाटणार आहे? दोघी मिळून लाजू. बोलेन मी. तू नुसती शेजारी बस."

"आणि माझं काय?" आबांनी विचारलं.

"डॉक्टरांना विचारून तुमचीही आणते. यापुढे माझ्यासमोर घ्यायची."

"आ करून?"

"आ करून. जीभ वर करून."

"झालं," आबा पुटपुटले, "घराचा वॉर्ड झाला." हसायला गेले आणि डोळे पुसत बसले.

चिमणी उठली, बुटांत पाय घातले. पण हात असे थरथरत होते, की नाडीची गाठ बसेना. दोनदा सुटली. सिस्टरने पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून कण्हत वाकली, आणि नाडी बांधायला लागली.